आवाजाच्या पुढे पाहणारे डोळे

बुलढाण्याहून मलकापुरास जाणारा रस्ता जेथे पठाराची कड सोडून राजूर घाटात उतरू लागतो, तेथे आश्विन-कार्तिकातल्या एखाद्या सकाळी जो कोणी घटकाभर थांबेल, त्याला पायथ्याचा मोताळ्याकडील मुलूख दूरवर पसरलेला दिसेल आणि डोक्यावर, पावसाळ्याने धुऊन काढलेले, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत मोकळे असे आकाश दिसेल. आमच्या जिल्ह्यात वायुदलाचा तळ नाही; लढाऊ विमान जमिनीवर उभे असलेले पाहावयाचे तर पुणे, ओझर किंवा नागपूर गाठावे लागते, आणि आमच्या वाट्यास येते ते केवळ वरून निघून जाणारे विमान. तथापि या दुरून पाहण्यातच एक विद्या दडलेली आहे, आणि ती मी गेली पन्नासहून अधिक वर्षे या घाटमाथ्यावर शिकत आलो आहे.

नवखा माणूस आवाज ऐकून आवाजाच्या दिशेने पाहतो, आणि तेथे त्याला काहीच दिसत नाही. विमान नऊ-दहा किलोमीटर उंचीवर असेल, तर त्याचा ध्वनी आपल्या कानापर्यंत उतरण्यास अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्या अवधीत ताशी नऊशे किलोमीटर वेगाने जाणारे ते यंत्र सात-आठ किलोमीटर पुढे गेलेले असते. म्हणून नजर आवाजाच्या पुढे टाकावी लागते. किती पुढे, हे पुस्तकातून कळत नाही, मान आणि डोळे यांच्या सवयीनेच कळते. आणि एकदा ती सवय जडली, म्हणजे पंखांचा कोन, इंजिनांची संख्या, शेपटीची ठेवण या खुणांवरून मालवाहू कोणते, प्रवासी कोणते आणि लढाऊ कोणते, हे माणूस बैलाच्या शिंगांवरून त्याची जात सांगावी तितक्या सहजतेने सांगू लागतो.

हा पोरखेळ आहे असे ज्यांस वाटते त्यांनी १९४० चे इंग्लंड आठवावे. त्या वेळी तेथील रडार समुद्राकडे तोंड करून उभे होते. शत्रूची विमाने किनारा ओलांडून आत आली, की त्यांची संख्या, जात आणि दिशा कळविण्याचा सारा भार ऑब्झर्व्हर कोअर या निरीक्षक दलातील हजारो स्वयंसेवकांवर पडत असे, आणि हे स्वयंसेवक म्हणजे दुकानदार, शेतकरी, शिक्षक यांसारखी साधी माणसे होती. त्यांच्या कामगिरीबद्दल १९४१ मध्ये त्या दलाला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली.

माझा छंद मात्र कोणत्याही कर्तव्यातून जन्मला नाही. तो जन्मला १९७१ च्या डिसेंबरात, मेहकरच्या आमच्या अंगणातील कडब्याच्या गंजीजवळ. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. वडील तहसील कचेरीत कारकून. संध्याकाळी आळीतली माणसे आमच्या ओसरीवर आकाशवाणीच्या बातम्या ऐकण्यास जमत. चौदा डिसेंबर रोजी मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या राज्यपाल-निवासावर रॉकेटांचा मारा केला आणि त्याच दिवशी राज्यपाल मलिक यांनी राजीनामा दिला, हे ज्या बातम्यांतून कळले, त्यांतून ‘मिग’ हा दोन अक्षरांचा शब्द माझ्या मनात जो रुतला तो कायमचा. वर्तमानपत्रात आलेले त्या विमानाचे छायाचित्र समोर ठेवून मी ज्वारीचा एक जाड धांडा निवडला, त्याची साल नखाने सोलून काढली, आतला भेंडासारखा पांढरा गर बोटभर व्यासाचा ठेवला, वडिलांनी आणून दिलेल्या रद्द दफ्तराच्या पुठ्ठ्यातून दोन त्रिकोण कापले, आणि सालीच्याच काड्या खिळ्यांसारख्या टोचून ते त्रिकोण दोन्ही बाजूंस बसविले. छायाचित्रात विमानाच्या नाकाशी एक गोल तोंड आणि त्या तोंडातून डोकावणारा शंकू दिसत होता. तेवढ्यासाठी मी गर पुढून पोखरला आणि त्यात बाभळीचा काटा रोवला.

त्या काट्याचे प्रयोजन मला पुढे दहा-बारा वर्षांनी उमगले. जेट इंजिनाच्या तोंडाशी येणारी हवा ध्वनीपेक्षा मंद असावी लागते. ती तशी नसेल तर इंजिनाचा श्वासच अडतो. मिग-२१ तर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणार. म्हणून नाकाशी पुढे-मागे सरकणारा शंकू बसविलेला असतो. त्याच्या टोकापासून हवेत आघात-लाटा उठतात, त्या लाटा ओलांडताना हवेचा वेग उतरतो आणि ती मग शांतपणे इंजिनात शिरते. वेगासाठीच पंखही तसे केलेले: पातळ, त्रिकोणी, मागे ओढलेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार जेमतेम ७.१५ मीटर, म्हणजे आपल्या एस.टी.च्या लांबीहून कमी. अशा पंखांचा प्रताप वेगात दिसतो, परंतु वेग उतरताच ते विमानाचा भार पेलण्यास कुरकुरतात. म्हणून उतरताना नाक उंच धरून, ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीस टेकावे लागते आणि मागे छत्री उघडून ती धाव आवरावी लागते. या यंत्राचा पराक्रम आणि त्याचा धोका, दोहोंचे मूळ त्या दोन त्रिकोणांतच आहे.

हे विमान आपल्या महाराष्ट्राच्या मातीशी किती जोडलेले आहे, हे पुष्कळ मराठी वाचकांस ठाऊक नसते. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीस गेले, आणि मिगच्या निर्मितीचे काम तीन प्रांतांत विभागले गेले तेव्हा इंजिने ओरिसातील कोरापुटला, विद्युत्-यंत्रणा हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जुळणी नाशिकजवळ निफाड तालुक्यातील ओझरला, अशी वाटणी झाली. ओझरचा कारखाना १९६४ पासूनचा. मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या त्या शेतीप्रधान मुलखात कारखान्याने असे काही मूळ धरले, की लोक त्या गावालाच ‘ओझर मिग’ म्हणू लागले, आणि तेथे नोकरीस असलेला मनुष्य ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये आहे’ असे न म्हणता ‘मिगमध्ये आहे’ असे म्हणू लागला. १९८७ पर्यंत मिग-२१ च्या निरनिराळ्या आवृत्त्या मिळून साडेसहाशेच्या आसपास विमाने येथून बाहेर पडली.

माझे एक मामा मिगमध्ये फिटर होते. कारखान्यातील कामाविषयी ते घरात अवाक्षर काढीत नसत, तसा तेथील शिरस्ताच होता. परंतु त्यांचा उजवा अंगठा बोलत असे. कोठेही बसले, की टेबलाच्या कडेवरून, पेटीच्या झाकणावरून, माझ्या कंपासपेटीच्या पत्र्यावरूनसुद्धा तो अंगठा हळूच फिरे, आणि जोड कोठे उंचावला आहे हे त्यांस पाहिल्याविना कळे. विमानाच्या कातडीवर रिव्हेटचे डोके पत्र्याच्या पातळीत बसावे लागते, केसभरही वर राहून चालत नाही, हे मी त्या अंगठ्याकडून शिकलो. १९८४ च्या उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्या क्वार्टरच्या अंगणात आम्ही बसलो असता धावपट्टीच्या बाजूने एक गर्जना उठली, खिडकीची तावदाने थरथरली, आणि मामा मान वर न करता म्हणाले, “बिस.” मिग-२१ बिस ही त्या वेळी बनत असलेली आवृत्ती. त्या एका शब्दात जो स्वामित्वाचा अभिमान होता, तसा अभिमान मी पुढे मोठमोठ्या पदवीधरांच्या भाषणांतही फार क्वचित ऐकला.

ओझरच्याही आधी मराठी बुद्धी विमानविद्येत रमली होती, आणि ज्या पुरुषाचे नाव येथे घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही ते म्हणजे विष्णु माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूर येथे १९०८ मध्ये जन्मलेल्या या विद्वानाने जर्मनीत गोटिंगेन येथे, आधुनिक वायुगतिशास्त्राचे आद्य आचार्य लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली संशोधन केले. आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात बंगळूर येथे ज्या विमान-कारखान्याची स्थापना केली, तेथेच पुढे घाटगे यांनी आपल्या विद्येचे चीज केले. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एच.टी.-२ हे दोन आसनांचे शिकाऊ विमान १९५१ च्या ऑगस्टात उडाले. वायुदलातील कित्येक पिढ्यांनी उड्डाणाचे पहिले धडे त्यावर गिरविले. मागाहून आलेले किरण हे शिकाऊ जेटही त्यांच्याच देखरेखीचे फळ. लढाऊ विमानांचे कौतुक करताना आपण शिकाऊ विमानांकडे दुर्लक्ष करतो, हा मला या छंदातील सर्वांत मोठा दोष वाटतो. कारण ज्याने धुळाक्षरे शिकविली त्याच्या ऋणात सारा ग्रंथ असतो.

किंबहुना शिकाऊ विमानांच्याच प्रश्नावर आपल्या देशाने फार जबर किंमत मोजली. किरणसारख्या शांत विमानावरून थेट मिग-२१ सारख्या उग्र विमानावर जाणे म्हणजे विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलास महापुरात सोडणे. मधली पायरी म्हणून प्रगत जेट शिकाऊ विमान घ्यावे, अशी शिफारस एका समितीने १९८२ मध्येच केली होती. प्रत्यक्षात हॉक विमाने दलात आली ती २००८ मध्ये. या सव्वीस वर्षांचा हिशेब कोणत्याही दप्तरी खर्डेघाशीने फिटणारा नाही. २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी संसदेस सांगितले, की ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली आणि १७१ वैमानिकांचे प्राण गेले.

या आकड्यांत एक तरुण मराठी वैमानिक आहे, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगढ येथे त्यांचे मिग-२१ कोसळले. त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ आणि स्वतः वायुदलात वैमानिक राहिलेले वडील अनिल गाडगीळ यांनी पुत्रशोक उराशी धरून न बसता मिगच्या सुरक्षिततेचा प्रश्न निर्भयपणे चव्हाट्यावर मांडला, मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान उभारले, आणि नव्या मुलांना उड्डाणाचे शिक्षण मिळावे म्हणून पुण्यात संस्था काढली. विमानांवर प्रेम करणाऱ्याने या माता-पित्यांकडे पाठ फिरवू नये, असे मी माझ्याजवळ येणाऱ्या प्रत्येक मुलास बजावून सांगतो.

२०२२ च्या नोव्हेंबरात नागपुरास वायुसेनानगरात हवाई कसरती झाल्या, तेव्हा मी पहाटेची गाडी धरून गेलो. सूर्यकिरण पथकाची तांबडी-पांढरी हॉक विमाने डोक्यावरून गेली तेव्हा शेजारच्या गर्दीत टाळ्या वाजल्या. माझ्या मनात मात्र घाटगे होते, कारण हे पथक १९९६ मध्ये किरण विमानांवरच उभे राहिले, आणि विमान बदलले तरी नावातला किरण तसाच राहिला आहे.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ निवृत्त झाले. १९६३ मध्ये पहिली तुकडी तेथेच उभी राहिली होती. बासष्ट वर्षांनी निरोपही तेथेच झाला. मी तो सोहळा घरी दूरदर्शन-संचावर पाहिला. शेवटच्या विमानांवर पाण्याच्या फवाऱ्यांची कमान धरली गेली आणि इंजिने बंद झाली, तेव्हा आता हयात नसलेल्या मामांचा अंगठा आठवून मला पुढचे चित्र नीट दिसेना. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरच्याच धावपट्टीवरून तेथे बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए हे लढाऊ विमान उडाले.

त्या दिवाळीत नाशिकहून नातू आला, वय वर्षे नऊ. त्याला धांड्याचे विमान करून दाखवावे असे मनात आले; पण आमच्या भागात आता सोयाबीनने ज्वारीला पार हटविले आहे, त्यामुळे एक बरासा धांडा मिळविण्यासाठी मला चिखलीच्या वाटेवरील एका ओळखीच्या शेतकऱ्याचे शेत गाठावे लागले. ओसरीवर बसून मी साल सोलली, गर साफ केला, पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण कापून काड्यांनी टोचले, आणि हाताच्या जुन्या सवयीने मागे आडव्या शेपटीचे दोन लहान तुकडे बसविले. नातवाने विमान हातात घेतले, डोळ्यासमोर आडवे धरून पाहिले, आणि ते दोन तुकडे अलगद उपटून माझ्या तळहातावर ठेवले.

“आबा,” तो म्हणाला, “तेजसला हे नसतात.”