सहा परस पाण्याखालून

विहिरीची खोली परसात मोजायची आपली जुनी रीत. एक परस म्हणजे उभा राहिलेला माणूस, साधारण साडेपाच फूट. हिवरे बाजार गावच्या एखाद्या विहिरीत सहा परस पाणी आहे आणि आपण तळाशी उभे राहून वर बघतोय, असं समजा. क्ष-किरणांच्या हिशेबाने आपण सगळेच तिथे उभे आहोत.

‘क्ष-किरण तर अंगातून आरपार जातात, त्यांना हवा काय अडवणार?’ हा सगळ्यात मुरलेला गैरसमज. दवाखान्यात ते फार तर वीतभर शरीर ओलांडतात आणि तेही सगळे नाहीत. हाडात अडकतात म्हणूनच फिल्मवर हाड उमटतं. डोक्यावरची हवा विरळ असली तरी तिचा पूर्ण थर तोलला तर चौरस मीटरमागे सुमारे 10 टन भरतो. म्हणजे 10 मीटर पाणी, आपले सहा परस. एवढं ओलांडून ताऱ्याकडचा क्ष-किरण खाली येत नाही, आणि येत नाही तेच बरं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या शेतांमध्ये उभ्या आहेत, कारण रेडिओ लहरींना हवेची आडकाठी नाही. क्ष-किरणांसाठी मात्र विहिरीबाहेरच यावं लागतं.

बाहेर, जवळ नव्हे. दुर्बीण ताऱ्यांच्या जवळ जावी म्हणून वर पाठवतात, हे शाळेत हमखास ऐकू येणारं उत्तर. 28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून उडालेला भारताचा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ जेमतेम 650 किलोमीटरवर फिरतो. समृद्धी महामार्ग त्याहून लांब आहे. तो ज्या खेकडा तेजोमेघाकडे बघतो, तिथून प्रकाशाला यायला साडेसहा हजार वर्षं लागतात. तिथे 650 किलोमीटरची काय मातब्बरी! आणि तो ताऱ्यांवर क्ष-किरण सोडतही नाही. तारे जे पाठवतात तेवढंच झेलतो.

झेलायचं कसं, इथे खरी गंमत आहे. नेहमीच्या दुर्बिणीसारखा वाटोळा आरसा समोर धरला तर क्ष-किरण त्यातच शिरून मुरतो, परततच नाही. पण चपटा दगड तळ्यात तिरपा भिरकावला की तो बुडण्याऐवजी टप्पे घेत जातो ना, तसा क्ष-किरणही गुळगुळीत पृष्ठभागाला अगदी घसटून गेला तरच वळतो. म्हणून इथले आरसे किरणांना जवळजवळ समांतर, कडेवर उभे असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अ‍ॅस्ट्रोसॅटच्या सौम्य क्ष-किरण दुर्बिणीसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर सोन्याचा मुलामा देऊन असे 320 आरसे तयार झाले. कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकात एक बसवलेले, आणि किरण जिथे एकवटतात ते केंद्र 2 मीटर मागे. ‘सोनं म्हणजे सरकारी उधळपट्टी’ म्हणणाऱ्यांसाठी: जड अणूंचा थर क्ष-किरण चांगले परतवतो, म्हणून सोनं. त्यातही एकेका आरशाची कडच तेवढी किरणांसमोर येते. इतके आरसे रचावे लागतात ते म्हणूनच.

किरण आणखी जोरकस झाले की ही युक्तीही थकते. मग आरसा सोडून द्यायचा आणि सावली वाचायची. उपग्रहावरच्या दुसऱ्या एका उपकरणाच्या डोक्यावर टॅंटलम धातूचा भोकाभोकांचा पत्रा आहे, खाली 16,384 चौकटींचा संवेदक. पत्र्याच्या गळक्या छपरातून जमिनीवर पडलेले कवडसे बघून सूर्य कुठे आहे ते सांगता येतं, तसंच सावलीचा नमुना कुठे सरकला त्यावरून गणिताने तारा शोधायचा. पुण्याच्या आयुकाचा या उपकरणात मोठा वाटा आहे. याच उपकरणाने खेकड्यातल्या स्पंदकाच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजलं; तो निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाला.

दुर्बीण म्हणजे फोटो, हाही समज सोडावा लागतो. अ‍ॅस्ट्रोसॅटचं एक उपकरण चित्र काढतच नाही. झेनॉन वायू भरलेल्या तीन पेट्या, आणि काम एकच: क्ष-किरणांचा एकेक कण कधी आला याची सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत नोंद. मंद स्रोताकडून मिनिटाला एखाद-दुसरा कण येतो, त्यामुळे दुर्बिणीचा आराखडा म्हणजे सगळा ताळेबंद. किती झेललं, किती आरशात मुरलं, आणि मोजलेल्यातलं किती भलत्याच कणांचं होतं? हिवरे बाजारला हे वेगळं समजवायला नको. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाल्यानंतर पावसाचा हिशेब मांडून मग पिकं ठरवण्याची शिस्त तिथे रुजली. फरक एवढाच की गावातला बांध फुटला तर दुरुस्त करता येतो. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या तीनपैकी एका पेटीतला वायू गळत गेला, तेव्हा तिथे कुणाला पाठवणार? उरलेल्यांवर काम चालवलं. हबलला अंतराळवीरांनी दुरुस्त केलं, पण ती चैन फार थोड्या दुर्बिणींच्या नशिबी.

आणि आपला उपग्रह आपल्या डोक्यावरून जात असेल, असं वाटत असेल तर तेही नाही. दक्षिण अटलांटिकवर विद्युतभारित कणांची दाटी असते. तिथे खोट्या नोंदींचा पूर येतो, म्हणून ती शक्य तितकी चुकवण्यासाठी कक्षा विषुववृत्ताशी फक्त 6 अंशांनी कललेली ठेवली आहे. हिवरे बाजार 19 अंशांवर. तिथून अ‍ॅस्ट्रोसॅट कायम दक्षिणेलाच, क्षितिजापासून फार तर पंधरा-सोळा अंश वर. समोर टेकडी आली तर तेवढाही नाही.