आधी नाते ओळखा, मग तक्ता मांडा

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, असे आपण सारेच म्हणतो. परंतु संगणकात माहिती भरण्यापूर्वी ती कशी मांडावी, याचा विचार फार थोडे लोक करतात. मी कला शाखेचा पदवीधर. बँकेत कारकून म्हणून लागलो तेव्हा हा विषय इंजिनिअर मंडळींचा, असाच माझा समज होता. एका प्रसंगाने तो दूर केला.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एक विधवा भगिनी काउंटरवर आल्या. “यांनी दोघांच्या नावावर काही रक्कम ठेवली होती, पण पावती सापडत नाही,” एवढेच त्यांना सांगता येत होते. पतीचे बचत खाते लगेच निघाले. मुदत ठेव मात्र निघेना. त्या जुन्या संगणक प्रणालीत प्रत्येक खात्याच्या नोंदीतच नाव व पत्ता पुन्हा लिहिलेला असे. बचत खात्यावर पूर्ण नाव होते, ठेवीवर नुसती आद्याक्षरे आणि आडनाव. घर बदलल्यावर बचत खात्यातील पत्ता बदलला, ठेवीवर जुन्या चाळीचाच राहिला. जुनी रजिस्टरे चाळून तिसऱ्या दिवशी ठेव सापडली. पैसे सुरक्षित होते; पण ते कोणाचे, हे संगणकाला सांगता येत नव्हते.

यात टंकन करणाऱ्याचा दोष थोडा, मांडणीचा दोष मोठा. त्या प्रणालीने ‘खाते’ ही एकच वस्तू मानली होती. ‘माणूस’ ही स्वतंत्र वस्तू आहे, हे कोणी लक्षातच घेतले नव्हते.

हा दोष टाळण्याची पद्धत म्हणजे एन्टिटी-रिलेशनशिप मॉडेल, अर्थात वस्तू आणि त्यांची नाती यांचा आराखडा. आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याचा सिद्धान्त मांडला. पण कोणते तक्ते करावेत, हे ठरवायचे कसे? १९७६ साली पीटर चेन यांनी आपल्या निबंधात त्यासाठी सोपी चित्रपद्धती दिली. वस्तू चौकोनात लिहावी, नाते शंकरपाळ्याच्या आकारात लिहावे आणि रेघांनी ती जोडावीत. वस्तूचे गुणधर्म दाखवायला लंबगोल काढण्याचीही रीत आहे.

आपल्या उदाहरणात ‘ग्राहक’ आणि ‘खाते’ हे दोन चौकोन झाले. नाव, जन्मतारीख, पत्ता हे ग्राहकाचे गुणधर्म. शिल्लक, मुदत, व्याजदर हे खात्याचे. मधले नाते ‘धारण करतो’ हे. आता महत्त्वाचा प्रश्न विचारायचा : एका ग्राहकाची किती खाती असू शकतात? अनेक. एका खात्याचे किती धारक असू शकतात? संयुक्त खात्यात तेही अनेक. म्हणजे हे ‘अनेकांचे अनेकांशी’ असलेले नाते होय. असे नाते दोहोंपैकी एका तक्त्यात नीट मावत नाही, त्यासाठी तिसरा तक्ता लागतो. त्यात ग्राहक क्रमांक, खाते क्रमांक आणि ‘पहिला धारक’ की ‘दुसरा धारक’ ही नोंद येते. ‘दुसरा धारक’ असणे हा ना त्या बाईंचा गुणधर्म, ना ठेवीचा; तो त्यांच्या नात्याचा गुणधर्म आहे.

अशी मांडणी असती तर पत्ता एकदाच, ग्राहकाच्या नोंदीत बदलला असता. बाईंचा ग्राहक क्रमांक घातला की त्यांची सारी खाती समोर आली असती. नावे सारखी असू शकतात, म्हणूनच क्रमांक हवा.

या आराखड्याचा मोठा फायदा असा, की तो कागदावर पेन्सिलीने काढता येतो आणि संगणक न शिकलेल्या माणसालाही वाचता येतो. काउंटरवरचा कारकून चित्र पाहून सांगू शकतो, “साहेब, एका खात्याला तीन धारकही असतात.” कागदावरची रेघ खोडायला क्षण पुरतो, लाखो नोंदी भरून झाल्यावर तीच चूक दुरुस्त करायला महिने लागतात.

अर्थात, आराखडा म्हणजे जादूची कांडी नव्हे. एकाच माणसाला निष्काळजीपणे दोन ग्राहक क्रमांक दिले, तर उत्तम आराखडाही हतबल होतो.

दहा वर्षे दावा न झालेल्या बँक ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. ठेवीदाराचा व वारसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही. पण हक्क मागण्यासाठी ठेव कोठे आहे हे तर कळले पाहिजे! म्हणून संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे : कळफलकाला हात लावण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्या आणि जो माणूस ते काम रोज करतो त्याच्याशेजारी बसा. तक्त्यातील प्रत्येक ओळीमागे कोणीतरी काउंटरसमोर उभे आहे, याचा विसर पडू देऊ नका.