हाताला जागा कळते, अंतर नाही

डोळे मिटून टेबलाच्या कडेवरून हात एका ठिकाणापर्यंत सरकवला, मागे आणला आणि पुन्हा त्याच ठिकाणी न्यायचा म्हटला, तर बहुतेकांना ते बऱ्यापैकी साधते. सुरुवात दुसरीकडून करून ‘तेवढेच अंतर’ जायला सांगितले, की चूक वाढते. संशोधक लाब्स यांच्या १९७३च्या प्रयोगांत हेच दिसले: हात पोहोचला ती जागा स्मरणात टिकते, कापलेले अंतर लवकर पुसट होते. होलिंगवर्थ यांनी तर १९१० सालीच दाखवले होते की छोटी हालचाल आपण लांबवतो आणि मोठी आखडतो. हाताची जाणीव मुख्यतः स्नायू किती ताणला आहे, हे टिपणाऱ्या सूक्ष्म ग्राहींकडून येते. १९७२मध्ये गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी स्नायूबंधाला कंप दिला, तेव्हा हे ग्राही फसले आणि स्थिर हातही हलल्यासारखा वाटला. म्हणजे ताणावरून हात कुठे आहे हे समजते. अंतर मात्र दोन जागांच्या आठवणींतून काढावे लागते, आणि पहिली आठवण विरली की हिशोब चुकतो, असे मानायला आधार आहे.

मुंबईत अंधेरी किंवा घाटकोपर स्टेशनबाहेर रिक्षाचे पैसे देणाऱ्या अंध प्रवाशाकडून आपण नेमका हाच कच्चा हिशोब मागतो. नव्या मालिकेतल्या शंभराच्या नोटेची लांबी १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. रुंदी तिन्हींची ६६च. बोटांनी चार मिलिमीटरचा फरक आठवणीवर ओळखायचा. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडने २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नव्या नोटा-नाणी ओळखता येत नसल्याची तक्रार मांडली, ती म्हणूनच रास्त होती. सरावाने हात तयार होतो, असे कुणी म्हणेल. होतो, पण जुन्या आकारांवर झालेला सराव नव्या नोटांच्या उपयोगी पडत नाही. उठावाच्या खुणा आहेत, हेही खरे. मात्र वापराने नोट मऊ पडली की त्या झिजतात. रिझर्व्ह बँकेचे २०२०मधले ‘मनी’ ॲप मदत करते. पण गर्दीत, रिक्षावाला खोळंबला असताना, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर नोट धरणे सोपे नाही.

उपाय हाताच्या स्वभावातच आहे. नोट बोटाच्या पेरावर किंवा खाचा असलेल्या मापपट्टीवर टेकवली, की अंतराचा प्रश्न जागेचा होतो: कड कुठे येते, एवढेच पाहायचे. ब्रेल पाटीच्या चौकटीही कलम योग्य जागी टेकवून देतात. तेव्हा नोटांचे आकार वारंवार बदलू नयेत, फरक ठळक असावेत आणि खुणा टिकाऊ असाव्यात. ही दया नव्हे. हात जसा जाणतो तशी वस्तू घडवण्याचे ते साधे कर्तव्य आहे.