‘खडखडाट’ : ध्वनी आणि अभाव

मराठीतील अनुकरणवाचक शब्दांना ‘-आट’ हा प्रत्यय लागून जी नामे सिद्ध होतात, ती सामान्यतः ध्वनीचा जोर व सातत्य दर्शवितात. गडगडाट, किलबिलाट, कलकलाट ही त्यांची परिचित उदाहरणे होत. ‘खडखडाट’ हा शब्दही याच वर्गातील. परंतु व्यवहारात त्याचे जे अर्थांतर झाले आहे, त्याकडे दुर्लक्ष केल्यास बोलीच्या अभ्यासकाची फसगत होण्याचा संभव आहे.

जालना शहर लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे सळ्या वाहणाऱ्या मालमोटारीचा खडखडाट म्हणजे कर्णकटू आवाज. पण ती धंदा चालू असल्याची खूणही होय. याच जिल्ह्यात २०१२-१३ साली तीव्र दुष्काळ पडला. मोसंबीच्या बागा वाळल्या आणि गावोगाव पिण्याचे पाणी टँकरने पुरवावे लागले. अशा वेळी ‘रांजणात खडखडाट आहे’ असे कोणी म्हटले, तर रांजण वाजतो असे नव्हे, पाणी संपले असे त्यास सांगावयाचे असते.

हा भेद बहुधा वाक्यरचनेतच प्रकट होतो. ध्वनीच्या अर्थी वाजणाऱ्या वस्तूची षष्ठी येते व ‘होणे’, ‘चालणे’ अशी क्रियापदे योजली जातात : ‘गाडीचा खडखडाट चालला आहे’. अभावाच्या अर्थी साठवणीच्या जागेची सप्तमी येते व ‘असणे’ हे क्रियापद उक्त किंवा अध्याहृत राहते : ‘कणगीत खडखडाट’, ‘खात्यात खडखडाट’. बँकेच्या खात्यात तर वाजण्याजोगे काहीच नसते.

या अर्थांतराची उपपत्ती घरगुती अनुभवात सापडते. धान्याने भरलेला डबा हलविल्यास वाजत नाही. तळाशी चार दाणे उरले म्हणजे तो खडखडतो. म्हणून आवाज हे रितेपणाचे चिन्ह ठरले आणि पुढे आवाज गळून रितेपणा तेवढा उरला. ‘ठणठणाट’ या शब्दाची गतीही अशीच आहे. मात्र ‘ठणठणीत’ म्हणजे निरोगी! न तडकलेले मडके ठणठण वाजते, हा अनुभव त्यामागे असावा. एकाच ध्वनीतून एकदा अभाव, तर एकदा धडधाकटपणा सूचित होतो.

सारांश, शब्दसंग्रहात ‘खडखडाट’ या शब्दापुढे केवळ ‘मोठा आवाज’ असे लिहिणे अपुरे होय. दुष्काळी गावातील वाक्य टिपताना तेवढाच अर्थ दिला, तर ध्वनीची नोंद होईल, पण बोलणाऱ्याची तहान नोंदीबाहेर राहील.