ऐकू येणारा रस्ता

वळण डावीकडे असेल तर गाडी आधी उजवीकडे वळवायची. निसरड्या रस्त्यावर हे शहाणपणाचं ठरतं. त्या एका हिसक्यानं गाडीचं वजन एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झुलतं, मागची चाकं पकड सोडतात आणि वळण यायच्या आधीच गाडीचं नाक आतल्या बाजूला फिरलेलं असतं. रॅलीच्या जगात या युक्तीला ‘स्कँडिनेव्हियन फ्लिक’ म्हणतात. रॅलीचा एखादा व्हिडिओ गेम कितपत खरा आहे हे पाहायचं असेल, तर त्यातली झाडं, धुळीचे लोट आणि काचेवरचा पाऊस बाजूला ठेवून एवढी एकच गोष्ट करून पाहावी. घसरण्याची वरवरची सोय केली असेल तर ती लगेच उघडी पडते. पण गाडीचं वजन, सस्पेन्शन आणि टायर यांचा हिशेब आत खरोखर चालू असेल, तर कुणी मुद्दाम घातलेली नसतानाही ही युक्ती साधते.

या कसोटीला आजही पुरून उरणारा एक गेम 2004 सालचा आहे. इंग्लंडमधल्या वॉरथॉग या कंपनीनं तो बनवला. नाव ‘रिचर्ड बर्न्स रॅली’. बर्न्सनं 2001चं जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवलं होतं आणि ते मिळवणारा तो पहिला इंग्लिश चालक. (1995चा विजेता कॉलिन मॅक्रे स्कॉटिश, हा फरक तिकडे फार मानतात.) गेम बाजारात आला तेव्हा बर्न्स गंभीर आजारी होता. नोव्हेंबर 2003मध्ये वेल्समधल्या रॅलीला जाताना, गाडी चालवत असतानाच त्याची शुद्ध हरपली आणि पुढे मेंदूत गाठ निघाली. 25 नोव्हेंबर 2005ला, अजिंक्यपदाला बरोबर चार वर्षं होत असताना, तो गेला. वय 34.

त्याच्या नावाचा गेम मात्र नवख्याला अजिबात दयामाया दाखवत नाही. सुरुवातीलाच ‘रॅली स्कूल’ आहे आणि ते टाळणाऱ्याची गाडी पहिल्या किलोमीटरभरातच रस्ता सोडते. इंजिन बंद पडतं. दगडावर आपटून रेडिएटर फुटला तर पुढे गाडी तापत जाते. चरात अडकलं तर मदतीला हाक मारता येते, गाडी रस्त्यावर आणून ठेवली जाते, पण घड्याळात दंड चढतो. त्या काळच्या गेममध्ये झाडावर आदळलेली गाडी चेंडूसारखी उडून पुन्हा पळायची, तिथे हा कडकपणा अनेकांना अती वाटला. तोच गेम आज वीस वर्षांनंतरही खेळला जातो, याचं श्रेय एरो पीटुलाइनेन या फिनिश प्रोग्रॅमरनं लिहिलेल्या भौतिकशास्त्राला द्यावं लागेल.

त्यातलं मर्म टायरमध्ये आहे. डांबरावर टायर फार घसरला की पकड घटते, म्हणून सर्किटवरचा चालक घसरणं टाळतो. मुरूम आणि खडीवर गणित बदलतं. आडवा सरकणारा टायर वरची भुसभुशीत माती उकरत खालच्या टणक थरापर्यंत पोचतो. चाकापुढे लोटला जाणारा मातीचा ढीगही गाडीला अडवतो. रॅलीची गाडी खडीवर आडवी जाते ती प्रेक्षकांसाठी नव्हे, तिथे तीच वेगानं जायची रीत आहे. बर्फावर तर टायर अरुंद असतात आणि शेकडो धातूचे खिळे लावलेले असतात. ते वरचा बर्फ कापून खालच्या गोठलेल्या थरात रुततात. स्वीडनमध्ये चालक कडेच्या बर्फाच्या भिंतीला गाडी टेकवून वळण घेतात. जरा जास्त टेकली की ती भिंत गाडी गिळते.

शिवाय रस्ताही दिवसभर एकसारखा राहत नाही. खडीच्या रॅलीत सर्वांत आधी सुटणाऱ्याला सुटी खडी झाडून काढावी लागते, आणि मागून येणाऱ्यांना साफ रस्ता मिळतो. जागतिक स्पर्धेत पहिल्या दिवशी हा झाडूवाल्याचा मान गुणतालिकेत पुढे असलेल्याच्याच वाट्याला येतो! कोडमास्टर्सच्या ‘डर्ट रॅली 2.0’नं 2019मध्ये हे गणित गेममध्ये आणलं. सुटण्याचा क्रम बदलला की रस्त्याची पकडही बदलू लागली.

पण रॅलीचा खरा जीव कानात आहे. सर्किटवर तीच दहा-पंधरा वळणं पन्नास वेळा येतात. जागतिक रॅलीत तीन-चार दिवसांत मिळून सुमारे 300 किलोमीटरच्या स्टेज, म्हणजे वेळ लावून धावायचे टप्पे, असतात, आणि त्या आधी फक्त दोनदा, तेही सावकाश फिरून पाहता येतात. त्या फेऱ्यांत लिहिलेल्या पेसनोट्स शेजारी बसलेला को-ड्रायव्हर, आपल्याकडचा नॅव्हिगेटर, वाचत राहतो. वळणाला आकडा असतो. रूढ पद्धतीत सहा म्हणजे जवळपास सरळ, एक म्हणजे अगदी घट्ट. पुढे उंचवटा, कापू नये असं वळण, शंभर मीटर सरळ, असं सगळं त्यात येतं. उंचवट्यापलीकडचा रस्ता चालकाला दिसत नसतो, तो त्याला ऐकू येतो.

म्हणून चांगल्या गेमनी आवाजासाठी अस्सल माणसं आणली. 1998च्या ‘कॉलिन मॅक्रे रॅली’त मॅक्रेचा जोडीदार निकी ग्रिस्ट होता, बर्न्सच्या गेममध्ये त्याचाच जोडीदार रॉबर्ट रीड, आणि ‘डर्ट रॅली 2.0’मध्ये पेटर सोलबर्गबरोबर 2003चं अजिंक्यपद जिंकलेला फिल मिल्स. इथे नुसता ओळखीचा आवाज पुरत नाही. सूचना फार आधी पोचली तर विसरायला होते, अर्धा सेकंद उशिरा आली तर उपयोग शून्य.

गेममध्ये काय येत नाही, तेही मोठं आहे. मागची चाकं सुटू लागल्याचं चालकाला डोळ्यांच्या आधी पाठीला आणि बुडाला कळतं. घरच्या खुर्चीला ते कळवता येत नाही. महागड्या स्टिअरिंगमधली मोटर हातांना झटके देते, त्यावर भागवावं लागतं. रस्त्याची हुबेहूब नक्कल हीसुद्धा अवघड बाब. तीन-चार किलोमीटरचं सर्किट लेझरनं मोजता येतं, जंगलातल्या वीस किलोमीटरच्या वाटेचं तसं करणं खर्चाचं. नोव्हेंबर 2025मध्ये अपुऱ्या अवस्थेतच विक्रीला आलेल्या ‘असेटो कोर्सा रॅली’नं वेल्स आणि फ्रान्समधल्या अल्सासच्या स्टेज लेझरनं मोजून घेतल्या आहेत. त्याच वर्षी, त्याआधी, कोडमास्टर्सनं रॅलीचे नवे गेम बनवणं तूर्त थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं.

पडद्यावरचं कौशल्य खऱ्या गाडीत कितपत उतरतं, याचं उदाहरण म्हणून आयर्लंडच्या जॉन आर्मस्ट्राँगचं नाव घेतात. 2018चा जागतिक ई-स्पोर्ट्स रॅली विजेता, आणि 2022च्या ज्युनिअर जागतिक रॅली स्पर्धेत दुसरा. मात्र तो आधीपासूनच खऱ्या रॅली चालवत होता, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात.

खरेपणाला सर्वांत मोठा सुरुंग लागतो तो ‘पुन्हा सुरू करा’ या बटणानं. एखादी स्टेज चाळीस वेळा चालवली की ती पाठ होते, मग को-ड्रायव्हर नावापुरता उरतो आणि रॅलीचं सर्किट होतं. यावर उत्तम उतारा मोठ्या कंपन्यांपेक्षा जुन्या बर्न्स गेमच्या चाहत्यांनी शोधला. त्यांनी गाड्यांचं भौतिकशास्त्र नव्यानं लिहिलं, शेकडो नव्या स्टेज जोडल्या, स्वतःच्या पेसनोट्स लिहायची सोय केली. त्यांच्या ऑनलाइन रॅलींमध्ये स्टेज एकदाच चालवायची, मोडतोड पुढच्या स्टेजला बरोबर न्यायची आणि दुरुस्ती फक्त ठरलेल्या मिनिटांत उरकायची, असे नियम लावता येतात. अशा रॅलीत पहिल्याच स्टेजला गाडी झाडावर घातली, तर उरलेली शनिवारची संध्याकाळ मोकळी.