आधारसामग्री फाईल, वैज्ञानिक

निरीक्षणांतून वा प्रयोगांतून मिळालेल्या संख्यांचा, संगणकाला वाचता येईल अशा ठराविक मांडणीत साठविलेला संच. अशा फाईली वाचण्यासाठी व लिहिण्यासाठी पायथॉनसारख्या स्क्रिप्ट भाषा वापरतात. त्यांतील आज्ञा लिहिताच चालवून पाहता येत असल्याने थोड्या ओळींत काम साधते. पायथॉन ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसृत केली. [⟶ संगणक].

साध्या द्विमान फाईलीत केवळ संख्या ओळीने मांडलेल्या असतात. त्यांचा अर्थ वाचणाऱ्यास आधीच ठाऊक असावा लागतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाने पुणे येथे तयार केलेली दैनिक पर्जन्याची जालक-आधारसामग्री हे याचे उदाहरण होय. ती १९०१ पासूनची आहे. तीत ६·५° ते ३८·५° उ. व ६६·५° ते १००° पू. यांदरम्यान दर ०·२५° अंतरावर, असे १२९ × १३५ म्हणजे १७,४१५ जालबिंदू असतात. प्रत्येक संख्येस ४ बाइट लागत असल्याने ३६५ दिवसांची फाईल सु. २·५४ कोटी बाइटांची होते.

नासिक जिल्ह्यातील चांदवडला (सु. २०·३३° उ., ७४·२४° पू.) सर्वांत जवळचा जालबिंदू २०·२५° उ., ७४·२५° पू. हा आहे. ओळी दक्षिणेकडून उत्तरेकडे व ओळीतील संख्या पश्चिमेकडून पूर्वेकडे मांडलेल्या असल्याने तो ५६ व्या ओळीत ३२ वा, म्हणजे दिवसाच्या गटात ७,४५७ वा येतो. एक स्थान आधीचे वाचल्यास सु. २६ किमी. पश्चिमेकडील, सह्याद्रीला अधिक जवळच्या बिंदूचा पाऊस चांदवडच्या नावावर जमा होतो. शिवाय ही संख्या प्रत्यक्ष मापन नसून आसपासच्या पर्जन्यमापकांवरून काढलेले अनुमान असते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

माहिती नसलेल्या जागी −९९९ ही संख्या लिहितात. ती पाऊस समजून बेरजेत धरल्यास सरासरी निरर्थक ठरते. तिच्या जागी ० घातल्यास न नोंदलेला दिवस कोरडा ठरून अवर्षणाचा भास होतो. म्हणून वाचतानाच अशा संख्या वगळतात.

हे दोष टाळण्यासाठी नेटसीडीएफसारख्या मांडणीत अक्षांश, रेखांश, दिनांक, एकक व अनुपलब्धतेची खूण फाईलीतच नमूद करतात. ही मांडणी अमेरिकेतील युनिडेटाने १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विकसित केली. नवी फाईल लिहिताना हे वर्णनही सोबत लिहिणे आवश्यक असते. अन्यथा अचूक संख्याही पुढील वाचकास निरुपयोगी ठरतात.