तळ्यात विष कोणी घातलं?

गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. सकाळी परसदारी गेले, तर तळ्यातले सगळे गप्पी मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते! काठावर तीन-चार बेडूकही निपचित पडलेले.

तळं कसलं, माडांच्या बुडाशी बांधलेला चिऱ्याचा हौदच तो. मालगुंडला आमच्याकडे डास फार. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्यसेवकांकडून गप्पी आणून सोडले होते. हळूहळू तिथे खंड्या यायला लागला, ढोकरी यायला लागली, भारद्वाजाची जोडी तर रोजचीच.

सासूबाई म्हणाल्या, "राखणदाराला नारळ द्यायचा राहिलाय." माझ्या मनात मात्र वेगळंच. वरच्या अंगाला शेजारच्या काकूंची आंब्याची बाग, फवारणीचा हंगाम. मेलेले मासे टोपलीत भरून खताच्या खड्ड्यात टाकले आणि संध्याकाळी बचत गटाच्या बैठकीत बोलून मोकळी झाले, "काही जणांना आपल्या आंब्यापुढे मुक्या जिवाची किंमत नाही." काकू समोरच होत्या. एक शब्द न बोलता उठून गेल्या.

पाचव्या दिवशी खड्ड्याजवळ ढोकरी मरून पडलेली, सहाव्या दिवशी भारद्वाज. आता मात्र घाबरले. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, दापोलीला, मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. अंगणात मुलं खेळतात, म्हणून दोन्ही पक्षी घाईघाईने पुरले आणि मग पशुवैद्यकांना बोलावलं.

त्यांचा पहिलाच प्रश्न, "त्या दोन-तीन दिवसांत घरात कुठलं औषध वापरलंत?"

"छे हो, काही नाही," म्हणता म्हणता मी थांबले. मासे मेले त्याच्या आदल्या दुपारी गाईला गोचिडाचं औषध लावलं होतं. बादली, ब्रश विसळून पाणी माडांच्या पाटात ओतलं होतं. आणि पाट उतरतो तो थेट तळ्यात!

बाटली आणून दाखवली. डेल्टामेथ्रीन, सायपरमेथ्रीन ही एकाच गटातली औषधं. डासांच्या कॉइलमधली औषधंही त्यांच्याच जातकुळीतली. गुरांना, पक्ष्यांना ती त्या मानाने सौम्य. पण माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना अगदी थोडीशीही जहाल. बारीक अक्षरात तशी सूचना छापलेली होती. मी कधी वाचलीच नव्हती.

मग पक्षी कशाने गेले? डॉक्टरांनी राजस्थानातल्या सांभर सरोवराचं उदाहरण दिलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे १८ हजारांवर पक्षी मेले. कारण निघालं बोट्युलिझम. हवा न लागता कुजणाऱ्या मांसात एक जिवाणू विष तयार करतो. त्यावरच्या अळ्यांना काही होत नाही, पण त्या अळ्या खाणारा पक्षी लुळा पडून मरतो. त्याच्या अंगात पुन्हा अळ्या, पुन्हा तेच. माझ्या खड्ड्यातही असंच झालं असेल का? "तपासणीशिवाय सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. आणि तपासायला काही उरलंच नव्हतं. पुरावा मीच पुरला होता. ते कोडं आजही तसंच आहे.

संध्याकाळी काकूंकडे गेले. त्यांची शेवटची फवारणी पंधरा दिवस आधीच आटोपली होती. कोकम सरबताचा पेला पुढे करत त्या एवढंच म्हणाल्या, "आधी मला विचारायचंस ना गं." पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर माफी मागितली. मासे मेल्यापेक्षा ते जास्त जड गेलं.

मैत्रिणींनो, म्हणून चार गोष्टी सांगते. गोचिडाच्या औषधाची बादली पाट, विहीर, पऱ्या यांच्याजवळ विसळू नका. मेलेले मासे कुजत ठेवू नका, लगेच काढून खोल पुरा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, मुलांना लांब ठेवा. आणि पुरण्याआधी पशुवैद्यकांना किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

तळं उपसून, धुऊन, पावसाळ्यानंतर पुन्हा गप्पी सोडले. या वेळी ते काकूंनीच त्यांच्या हौदातून आणून दिले. खंड्या परत आलाय. भारद्वाज मात्र अजून एकटाच येतो.